लाल पाटी आणि दोब्रिनचं डोकं

सकाळी अकरा वाजता संगणकावर लाल पाटी झळकली : 'अँटिव्हायरस अपडेट अयशस्वी.' चार वाजता कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून मुलगी, ईवायला, पंधरा दिवसांची नात दाखवणार होती, पण व्हिडिओ कॉलही लागेना.

"मी बघतो," दोब्रिन म्हणाला. बल्गेरियातल्या लोवेच गावच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. हार कशाला मानतोय!

"शेजारच्या कामेनला बोलवू?" त्याच्या बायकोने, पेंकाने, चीज भरलेल्या बानित्साचा ट्रे भट्टीत सरकवत विचारलं.

"त्याला काय कळतंय? दिवे बसवतो तो!"

दोब्रिनने अँटिव्हायरस काढून पुन्हा टाकला. पाटी तशीच. मग एका जुन्या सीडीवरून दुसरा अँटिव्हायरस चढवला. दोघांनी एकमेकांनाच चोर ठरवलं आणि संगणक जागीच बसला. अर्धा तास खपून त्याने दुसरा उपटून काढला.

"अगं, घरात जावई दोन झाले की असंच होतं!"

"जावई एकच आहे, आणि त्याचं तोंडसुद्धा आज दिसायचं नाही."

साडेतीन वाजले. दोब्रिन चिडून सिगरेट ओढायला अंगणात गेला. पेंका हात पुसत पडद्यापुढे बसली. खाली कोपऱ्यात तारीख होती : १ जानेवारी २००९.

"अगं बाई! वीज गेली त्या दिवशी हा मागेच राहिला वाटतं." तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहून तारीख नीट केली. अपडेट सरसर सुरू झालं.

दोब्रिन परतला, तर पाटी हिरवी.

"बघितलंस? यंत्राला जरा मोकळं सोडावं लागतं. मी मुद्दामच उठलो होतो."

पेंका खुर्चीतून उठली. ती केस विंचरायला गेली.

चारला ईवायला दिसली. मग दुपट्यातलं इवलंसं लाल नाक दिसलं आणि दोघांचेही डोळे भरून आले. नातीने जांभई दिली तर पेंकाने पडद्यालाच हात लावला.

"आई, सकाळी कॉल लागत नव्हता ना? कोणी दुरुस्त केलं?"

"मी! दुसरं कोण? अँटिव्हायरसची लाल पाटी घालवली!" दोब्रिनने छाती पुढे काढली.

"बाबा, देवासारखे भेटलात! माझ्याही लॅपटॉपवर आठ दिवस तीच लाल पाटी येतेय. नेमकं काय केलंत, एकेक करून सांगा. मी लिहून घेते."

दोब्रिनने घसा खाकरला. पेंकाकडे पाहिलं.

पेंकाने नातीवरची नजर हलवली नाही. "सांग की रे. पोरगी पेन घेऊन बसलीय."