नोंदणीकृत डोळे

माणसाचा चेहरा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असतो, असा एक गोड गैरसमज समाजात पसरला आहे. वास्तविक ज्याचा चेहरा असतो त्याला तो दात घासताना दिसेल तेवढाच. उरलेला सगळा दिवस तो इतरांनाच पाहावा लागतो. तेव्हा वहिवाटीच्या न्यायाने चेहऱ्यावर पहिला हक्क इतरांचा. ही गोष्ट सर्वांत आधी वजने-मापे तपासणी कार्यालयाच्या ध्यानात आली, आणि त्याबद्दल त्या कार्यालयाचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

या कार्यालयाचे काम असे. गावातल्या यच्चयावत दुकानदारांनी आपापली वजने घेऊन यायचे. कार्यालयाने ती काचेच्या कपाटातल्या अस्सल वजनाशी ताडून पाहायची. जुळली तर शिक्का मारायचा, न जुळली तर दुकानदाराकडे अशा नजरेने पाहायचे की त्याला स्वतःच्या वाडवडिलांबद्दलही शंका यावी. कपाटातले वजन कधी चुकत नाही, चुकतो तो बाहेरून आलेला माल. या एका तत्त्वावर ती इमारत उभी होती (खांबांचे सिमेंट तपासणे दुसऱ्या खात्याकडे होते).

शिक्का मारण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांना सगळे शिक्केबाई म्हणत. वय छप्पन, आवाज खणखणीत, चष्मा जाड. दुकानदार त्यांना वचकून असत आणि शिपाई त्यांना विचारल्याशिवाय खिडकी उघडत नसे. त्यांचे एकच गुपित होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होते: शिक्केबाई रजा साठवत होत्या. लेकीचे पहिलेच बाळंतपण, लेक परगावी, आणि तिच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले, म्हणजे त्या घरात कुणी कुणाला उठवायचे हाच प्रश्न. "आई, तू येशील ना गं? नक्की?" असे लेक दर फोनला विचारी. "तू तारीख सांग, मी हजर," असे शिक्केबाई दर फोनला सांगत. या रजेपायी त्या तापातसुद्धा कामावर आल्या होत्या (ताप शेजारच्या टेबलांना लागला आणि रजा त्यांची गेली).

अशात कार्यालयात चेहरा ओळखून हजेरी मांडणारे यंत्र आले. आधी प्रत्येकाचा चेहरा त्यात नोंदवायचा, मग रोज येताजाता त्याच्यापुढे उभे राहायचे. नोंदणी म्हणजे फोटो निघणार, आणि फोटो निघणार म्हटल्यावर शहाणी माणसे जे करतात ते सर्वांनी केले. रोखपालांनी डाव्या कानावरचे केस उजव्या कानापर्यंत पोचवले. साहेबांनी मिशा इतक्या काळ्या केल्या की त्या त्यांच्याआधी खोलीत शिरत.

शिक्केबाईंना यातले काही करायचे नव्हते. पण त्यांची पुतणी सौंदर्यप्रसाधनाचा अभ्यासक्रम करत होती आणि तिची परीक्षा 'प्रौढ डोळ्यांची सजावट' या प्रकरणावर अडली होती. वर्गातल्या सगळ्या मुली विशीतल्या. प्रौढ डोळे आणायचे कुठून? "काकू, तुझे डोळे अगदी पुस्तकातल्यासारखे आहेत गं," ती म्हणाली. शिक्केबाई हरखल्या. मग तिने पुस्तक दाखवले. त्यात पापणीचे कातडे उतरून खाली आलेले होते, बाहेरचे कोपरे मावळतीला लागले होते आणि बाजूला सुरकुत्यांचा पंखा उघडला होता. तरीही काकूने डोळे दिले, कारण नात्यात एवढे करावेच लागते. पुतणीने पाऊण तास खपून पापणीवर फिकट तपकिरी रंग फिरवला, पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक रेघ ओढली आणि कोपऱ्यात ती किंचित वर उचलली. दहा वर्षे उतरली. शिक्केबाई तशाच कार्यालयात गेल्या, आणि यंत्राने तो चेहरा अस्सल म्हणून कपाटात, म्हणजे आपल्या पोटात, ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी शिक्केबाई धुतल्या तोंडाने आल्या. यंत्र म्हणाले, "ओळख पटली नाही."

त्यांनी चष्मा काढला, पदर सारखा केला, हसून पाहिले, रागावून पाहिले. यंत्र दाद देईना.

"बाई, मी ओळखतो की तुम्हाला," शिपाई कळवळून म्हणाला, "पण माझं ओळखणं आता चालत नाही."

त्या दिवशी शिक्केबाईंनी दिवसभर शिक्के मारले आणि संध्याकाळी त्यांची एक रजा कापली गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी. तिसऱ्या दिवशी त्या तणतणत साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि परिपत्रक काढले: 'यंत्रात चूक संभवत नाही. सबब ज्या कर्मचाऱ्यांचा चेहरा नोंदणीकृत चेहऱ्याशी जुळत नाही, त्यांनी तो स्वखर्चाने पूर्ववत करून घ्यावा. तोपर्यंत त्यांस गैरहजर समजण्यात येईल. काम मात्र चालू ठेवावे.'

बाहेरचा माणूस याला अन्याय म्हणेल. शिक्केबाईंना तसे म्हणता येईना. हयातभर त्यांनी दुकानदारांना हेच तर ऐकवले होते! माल मापाशी जुळत नसेल तर माल सुधारा, मापाकडे बोट दाखवू नका. त्या मुकाट्याने घरी गेल्या आणि पुतणीला फोन लावला.

आता प्रौढ डोळ्याला रेघ काढणे या विषयाकडे वळू. या कामातली मूळ अडचण अशी, की चष्मा लावला तर डोळ्यापर्यंत हात पोचत नाही आणि चष्मा काढला तर डोळा कुठे आहे ते दिसत नाही. पहिल्या सकाळी शिक्केबाईंची रेघ नाकाच्या मुळाशी सुरू होऊन भुवईला भेटून आली. दुसऱ्या सकाळी त्यांनी डोळा मिटून, कातडे कानाकडे ताणून, सुतासारखी सरळ रेघ ओढली. कातडे सोडल्यावर त्या रेघेची गोगलगाय झाली. तिसऱ्या सकाळी पातळ शाईची बाटली वापरली. रेघ झकास आली, त्यांनी समाधानाने डोळा उघडला, आणि उतरलेल्या पापणीने ती ओली रेघ वरच्या घडीवर जशीच्या तशी छापली. शिक्के मारण्यात जन्म गेलेल्या बाईवर तिच्या स्वतःच्याच पापणीने शिक्का मारला होता.

"काकू, शाई नको, पेन्सिल घे," पुतणी फोनवर म्हणाली. "डोळा मिटू नकोस, समोर बघ. ओढायचं नाहीच कातडं. केसांच्या मुळाशी नुसते ठिपके दे आणि मग ते जोड. खालच्या पापणीला हात लावू नकोस, डोळा आणखी खाली ओढल्यासारखा दिसतो. आणि वर चकाकणारा रंग लावलास तर बघ, एकेक सुरकुती मोजून घेता येते."

हे सगळे ऐकायला सोपे होते. पण ठिपके कुठे द्यायचे ते दिसायला हवे ना! शेवटी यजमान पुढे सरसावले. ते निवृत्त सुतार होते आणि रेघेच्या बाबतीत कुणाचे ऐकून घेत नसत. चष्मा त्यांना लावता येत होता, कारण डोळा दुसऱ्याचा होता.

"हलू नकोस," ते म्हणाले. "उजवी बाजू दोन सूत खाली आहे."

"अहो, ती तिशीपासूनच खाली आहे."

"मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बघितलंत का नाही?"

सुतारांनी पेन्सिलीला टोक काढले (शार्पनरने नव्हे, पटाशीने) आणि बायकोच्या डोळ्यांत, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, नीट पाहिले. दोन्ही रेघा गुण्यात, म्हणजे अगदी मापात, आल्या. यंत्र म्हणाले, "स्वागत आहे." शिक्केबाईंच्या डोळ्यांत पाणीच यायचे, पण त्यांनी ते आवरले, रेघ फिसकटली असती.

तेव्हापासून रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी हा कार्यक्रम होऊ लागला. काही आठवड्यांत हाताला वळण पडले आणि शिक्केबाई आरशाशिवायही रेघ काढू लागल्या (यजमान हिरमुसले, तेव्हा डावा डोळा त्यांच्याकडेच ठेवण्यात आला). यंत्राचे फायदेही दिसू लागले. कार्यालयाच्या टिपणीनुसार कर्मचाऱ्यांची टवटवी एकवीस टक्क्यांनी वाढली आणि वक्तशीरपणा तेवढ्याच टक्क्यांनी घटला, म्हणजे हिशेब चोख बसला. रोखपाल वारा असेल त्या दिवशी हेल्मेट घालून चालत येत. एक किराणा दुकानदार तर म्हणाला, "बाई, आजकाल तुम्ही बघता तेव्हा हलकं वजन पिशवीतून बाहेर काढायचा धीरच होत नाही." साहेबांनी हे सगळे यंत्राच्या खात्यावर जमा केले.

मात्र गेलेली रजा गेली ती गेलीच. शिवाय कधी घाम यायचा, कधी कांदा चिरलेला असायचा, कधी पेन्सिल संपलेली. दर चुकीला एक रजा कटत होती. साठवलेल्या रजेला गळती लागली आणि तिकडे लेकीचे दिवस भरत आले. "आई, येशील ना?" या प्रश्नाला शिक्केबाई अजून "हजर" म्हणत, पण आवाजातली खणखण कमी झाली होती.

अशा वेळी देव साहेबांच्या मिशीच्या रूपाने धावून आला. कलपाने साहेबांच्या ओठावर पुरळ उठले, डॉक्टरांनी कलप बंद केला, आणि एका सोमवारी साहेब पांढऱ्याशुभ्र मिशांनी दारात उभे राहिले. "ओळख पटली नाही," यंत्र म्हणाले. साहेबांनी शिपायाकडे पाहिले. शिपाई म्हणाला, "साहेब, मी ओळखतो की तुम्हाला, पण..."

जेवणाच्या सुट्टीआधी नवे परिपत्रक निघाले: 'कालमानानुसार चेहऱ्यात फरक पडणे शक्य असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सर्वांनी उद्या नैसर्गिक चेहऱ्यासह उपस्थित राहून फेरनोंदणी करावी.' ज्यांची रजा आधी कापली गेली होती त्यांच्याबद्दल परिपत्रकात काही नव्हते, कारण त्यांचा चेहरा कालमानाने नव्हे तर साबणाने बदलला होता.

त्याच रात्री लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली होती. शिक्केबाईंनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीचे तिकीट काढले आणि सकाळी धुतल्या तोंडाने कार्यालयात गेल्या. यंत्राने तो चेहरा नोंदवून घेतला आणि म्हटले, "स्वागत आहे." इतक्या महिन्यांनी त्यांचे स्वतःच्या तोंडाने स्वागत झाले होते! त्या तरंगतच आत गेल्या.

आत शिपायाने त्यांना पाहून खुर्ची पुढे केली. "बाई, बसा आधी. पाणी आणू?" रोखपालांनी विचारले, "रक्त तपासलंत का?" साहेबांपुढे त्यांनी रजेचा अर्ज ठेवला, तर साहेब अर्जाकडे न पाहता त्यांच्याकडेच बघत राहिले.

"बाई, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही साहेब. मी ठणठणीत आहे."

"आजारी माणूस असंच म्हणतो. डोळे बघा किती खोल गेलेत. अशा अवस्थेत मी तुम्हाला प्रवासाला सोडू? उद्या वाटेत काही झालं तर सही माझी असणार! चार दिवस विश्रांती घ्या, तोंडावर तजेला आला की या, मग रजेचं बघू."

शिक्केबाईंनी परोपरीने सांगून पाहिले. साहेब दयाळू होते, ते हलले नाहीत. असे करता करता दुपार सरली आणि गाडीला दीड तास उरला. शिक्केबाई प्रसाधनगृहात गेल्या, पर्समधली पेन्सिल काढली, ठिपके दिले, ठिपके जोडले, कोपरा उचलला आणि परत आल्या.

"हां, आता कसं!" साहेब म्हणाले. "गोळी घेतलीत वाटतं. नशीब, लगेच लागू पडली." आणि त्यांनी सही केली.

जाताना शिक्केबाई यंत्रापुढे उभ्या राहिल्या. "ओळख पटली नाही," यंत्र म्हणाले. सकाळीच नोंदवलेल्या धुतल्या चेहऱ्याशी ही रेघवाली बाई जुळत नव्हती. तोंड पुन्हा धुवायला वेळ नव्हता. त्या तशाच धावत सुटल्या.

पुढचे सगळे नियमानुसार झाले. जी व्यक्ती आत आली आणि बाहेर गेली नाही, ती आतच आहे. हजर माणसाच्या खात्यातून रजा वजा करता येत नाही. यंत्रात चूक संभवत नाही. सबब लेकीच्या घरी सव्वा महिना राहूनही शिक्केबाईंची एकही रजा खर्ची पडली नाही. उलट सलग उपस्थितीबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मंजूर झाले, आणि रात्री कार्यालयात एक महिला कर्मचारी असल्याचे लक्षात घेऊन त्या मजल्यावरचा एक दिवा चालू ठेवण्यात आला.

शिक्केबाई पोचल्या त्या पहाटे नात जन्मली होती. रात्रभर गाडीत डोळे पुसून पुसून रेघ केव्हाच गेली होती. लेकीने त्यांना दारात पाहिले आणि ती एवढेच म्हणाली, "आई! आलीस!" दुसरे काही तिने विचारले नाही. शिक्केबाईंना भडभडून आले, आणि या वेळी त्या आडपडदा न ठेवता रडल्या.

असल्या यंत्रावर आणि असल्या साहेबांवर सुज्ञ वाचकाने पोटभर हसून घ्यावे. हसून झाले की जरा आठवावे: परवा कामावर, किंवा जिन्यात, किंवा कुणाच्या घरी, एका बाईला आपण थांबवून मोठ्या मायेने विचारले होते, "का हो, आज बरं नाही का?" ती अगदी बरी होती. तिने फक्त तोंड धुतले होते.