तिसऱ्या मजल्यावरची होडी

प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवण्याचा आमचा वर्ग एका गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावर, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला भरतो. शिकवायला मी आहे. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. शिकवणं ही वेगळी गोष्ट असते हे निवृत्तीनंतर कळलं. ती मला जमते की नाही, याबद्दल माझं मत अजून पक्कं व्हायचं आहे.

वर्गातला सगळ्यात आडदांड विद्यार्थी म्हणजे पैलवान. कुस्ती तो कधी खेळला नाही, पण पाठीवर कपाट घेऊन जिना चढताना वाटेत कुणी भेटलं तर थांबून गप्पा मारतो. गोदामात सामान वाहणारा सरकता पट्टा बसणार होता आणि सगळ्या हमालांना घरी बसावं लागणार होतं. मालक पैलवानाला म्हणाले होते, "तीन महिन्यांत परवाना आण, टेम्पो तुझा. नाहीतर माझा नाइलाज आहे." गाडी त्याला छान येत होती. पण परवान्याच्या परीक्षेत पडद्यावर प्रश्न येतात आणि ते वाचावे लागतात.

अननसापासून सुरू होणारं पुस्तक मी बाजूला ठेवलं. रस्त्यावरच्या पाट्या घेतल्या. 'थांबा', 'पुढे वळण आहे', 'वेग कमी करा'. पैलवान दोन आठवड्यांत 'थ'ला असा ओळखू लागला, की जणू तो त्याचा मेव्हणाच. शिवणवाल्या मावशी गिऱ्हाइकांची मापं दोऱ्याला गाठी मारून लक्षात ठेवायच्या. त्यांना मी छाती, कंबर आणि बाही यांवरून शिकवलं. त्या बाहीपर्यंत पोचल्या आणि संस्कृतीसुसंगत साक्षरता अभियानाच्या समन्वयक बाई जिना चढून वर आल्या.

"आजोबा, तुम्ही यांना यांच्या संस्कृतीतून शिकवता का?"

"यांना रोज जे लागतं, त्यातून शिकवतो."

"ते वेगळं. रोज लागतं ती गरज. संस्कृती म्हणजे जे आता लागत नाही ते."

मला ते पटलं नाही, पण त्यांनी ते इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं, की चूक माझीच असावी असं वाटलं.

अभियान चालवणाऱ्या सरकारी खात्याने संशोधन केलं होतं. या गल्लीतल्या लोकांचे पणजोबा मासे धरायचे. पुढे खात्यानेच भराव टाकून समुद्र मागे सारला आणि त्यावर ही गोदामं उभी राहिली. पण तो विभाग वेगळा. आमच्या वर्गासाठी खास पुस्तक निघालं होतं. त्यात होडी, वल्हं, शीड, जाळं असे धडे होते.

"बाई, मी समुद्र बघितलाय तो न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर," पैलवान म्हणाला. "मला तर विहिरीत वाकून बघितलं तरी गरगरतं."

बाईंचे डोळे भरून आले. "बघितलंत, आजोबा? संस्कृतीपासून किती तुटलेत हे! आधी ती जोडायला हवी. अक्षरं नंतर."

अशा रीतीने साक्षरता वर्गातलं वाचन तात्पुरतं स्थगित झालं आणि संस्कृतीपरिचय सुरू झाला. विद्यार्थ्यांना होडी माहीत नसेल तर होडीवरचा धडा परका वाटणार, हे उघड होतं. म्हणून खात्याने होडी मंजूर केली. ती तिसऱ्या मजल्यावर पैलवानानेच पाठीवरून आणली. जिन्याच्या वळणावर ती अडली तेव्हा कठडा कापला. वर्गात होडी मावली, पण मग विद्यार्थी मावेनात. त्यामुळे सगळ्यांनी होडीतच बसावं, असं ठरलं.

पाणी नसल्यामुळे वल्ही फरशीवर खरडायची. वाऱ्यासाठी टेबलफॅन आला. शीड शिवायचं काम मावशींकडे गेलं. त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि गंभीरपणे विचारलं, "बाई, शिडाची छाती किती धरू? आणि बाही लांब की आखूड?"

पुढच्या तपासणीत 'वातावरणात मासळीचा वास अपुरा' असा शेरा मिळाला. वासाची सोय केली. त्याबरोबर गल्लीतली मांजरं येऊन होडीत बसू लागली. हजेरी वाढली म्हणून खात्याने समाधान व्यक्त केलं.

परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा पैलवानाने वल्हं खाली ठेवलं.

"आजोबा, एक विचारू? परीक्षेत होडी नाही ना विचारणार?"

"नाही रे बाबा."

"मग मी हे काय करतोय? बायकोने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय, आमचे हे आता टेम्पो चालवणार म्हणून. मी 'वेग'पर्यंत आलो होतो, आजोबा. 'कमी करा' राहिलं."

त्या रात्री मी बाईंना काय बोलायचं ते आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. स्पष्ट बोलायचं, मागे हटायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाई समोर आल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "चहा घेणार का?"

त्यांनी घेतला. दोन कप.

मार्ग मावशींनी काढला. "आजोबा, होडीचं तोंड भिंतीकडे कशाला? खिडकीकडे फिरवा की. खाली चौक आहे. पाट्याच पाट्या."

पैलवानाने होडी फिरवली. त्या संध्याकाळपासून आमचा वर्ग एका लयीत वल्ही मारत खिडकीबाहेर बघून मोठ्याने वाचू लागला. "उजवीकडे... वळू... नये!" "शाळा... पुढे... आहे!" मावशींना तर समोरच्या दुकानावरचं 'येथे ब्लाऊज चोवीस तासांत शिवून मिळेल' दिसलं. त्या तडक उभ्या राहिल्या, होडी हलली. "चोवीस तासांत? हिला मी दाखवते!" पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या दारावर 'बारा तासांत' अशी पाटी लावली, ती स्वतः लिहून.

बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "केवढी तल्लीनता!" त्या कुजबुजल्या. "पूर्वज असेच दिशा पाहत असतील."

पैलवान पास झाला. निकाल हातात आला तेव्हा तो जिन्यातून एवढ्या जोरात ओरडत वर आला, की सगळी मांजरं पळाली. मग त्याने मला उचललं. छापखान्यात असं कधी झालं नव्हतं. काय करावं ते न सुचून मी हवेतच चष्मा पुसला.

यशाचा अहवाल गेला. यशाचं कारण होडी, असं त्यात नमूद झालं. त्यामुळे आता प्रत्येक केंद्राला होडी मिळणार आहे, डोंगरावरच्या केंद्रांना मोठी, कारण तिथे संस्कृती जास्तच तुटलेली आहे. होड्या पोचवायचं काम पैलवानाच्या टेम्पोकडे आलं आहे. धंदा उत्तम चाललाय. घाटात 'वेग कमी करा' दिसलं की तो ते अजून मोठ्याने वाचतो. शेजारी बायको असेल तर दोनदा.

बाईंनी मला ही यशोगाथा लिहून काढायला सांगितलं. लिहिली. छापण्याआधी त्या मंजुरी द्यायला बसल्या.

"ही वाचणार कोण?"

"शिकलेली, सुजाण माणसं."

"त्यांच्या संस्कृतीला सुसंगत आहे का?"

मी बराच विचार केला. "असावी. ती माणसं असं काही वाचलं की मनापासून हसतात. मग 'अगदी असंच असतं हो' म्हणतात आणि एखादं वाक्य घरातल्यांना वाचून दाखवतात. तेवढ्यात कामाच्या मावशी हात पुसत बाहेर येतात. मोबाइल पुढे करतात. म्हणतात, 'ताई, मुलीच्या शाळेतून काहीतरी आलंय. काय लिहिलंय, जरा सांगता का?'"

"मग?"

"मग ताई म्हणतात, 'थांबा हं मावशी, जरा वाचतेय.'"

बाईंनी समाधानाने सही केली. "पूर्ण सुसंगत. छापा."