कृपेचा तपासणी नाका

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने फुकट आहे, ते कमवावं लागत नाही, हे आमच्या चर्चच्या मंडळीला पूर्वीपासून माहीत होतं. फुकट असल्यामुळे त्याकडे कुणाचं विशेष लक्ष नव्हतं. दर रविवारी पाळकसाहेब ते सांगत, मंडळी ‘आमेन’ म्हणे, शेवटच्या बाकावर गोदामाचा पहारेकरी डुलकीमामा घोरे, आणि उपासना संपली की लोक शांतपणे जेवायला घरी जात. मग एका रविवारी चर्चमध्ये तेलवाला आला.

तेलवाला म्हणजे फिरता प्रवचनकार. चकचकीत कोट, मधाळ आवाज. म्हणाला, “कृपा आहेच हो, कोण नाही म्हणतं? पण कृपा एकटी बिचारी काय काय करणार? तिला थोडा हातभार नको?” हातभार म्हणजे त्याने सांगितलेले उपास आणि त्याने मंतरलेल्या तेलाची बाटली. पुढच्या रविवारी अर्ध्या मंडळीची कपाळं दिव्यासारखी चमकत होती.

पाळकसाहेब खवळले. व्यासपीठावर मूठ आपटून म्हणाले, “कृपा अधिक काहीही, म्हणजे कृपा नाहीच! खोट्या शिक्षकांपासून सावध राहा! लांडगा मेंढराचं कातडं पांघरून येतो आणि दारातूनच येतो!”

हे प्रवचन शब्दन् शब्द खरं होतं. पुढे जे झालं त्याचा दोष कुणी प्रवचनाला देऊ नये म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. खऱ्या शिकवणीला दोन धोके असतात. कुणीच ती न ऐकणं हा लहान धोका. तिची अंमलबजावणी सुरू होणं हा मोठा.

त्याच संध्याकाळी ‘शुद्ध कृपा संरक्षण व खोटी शिकवण प्रतिबंधक समिती’ स्थापन झाली. अध्यक्षपदी मापसाहेब एकमताने निवडून आले. मापसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. दुकानदार तराजूवर हळूच अंगठा कुठे ठेवतो हे शोधण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर तराजू सुटला, नजर सुटली नाही. पहिल्याच भाषणात ते म्हणाले, “माणूस देवाच्या काट्यावरसुद्धा अंगठा ठेवतो. आपलं थोडं पुण्य हळूच दाबतो. आपण अंगठे पकडायचे.”

चर्चच्या दारात टेबल आलं. तपासणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी लाँड्रीवाल्या ताई सापडल्या.

ताईंची लाँड्री चर्चच्या मागच्या गल्लीत. सरकारी हॉस्पिटलातल्या गरीब आजाऱ्यांच्या चादरी त्या आपणहून धुऊन, इस्त्री करून द्यायच्या. त्या दिवशीही काखेत गठ्ठा होता.

“ताई, या चादरी कशासाठी?”

“आजाऱ्यांच्या अंगाखाली घालायला.”

“तसं नाही. हेतू काय?”

“मळल्या की बदलायच्या.”

“म्हणजे यातून तुम्हाला स्वर्गात काही मिळावं, अशी अपेक्षा?”

“अहो, हॉस्पिटलात दिलेल्या चादरी धुवायला परत मिळताना मारामार, स्वर्गाचं काय घेऊन बसलात!”

हे उत्तर टाळाटाळीचं ठरलं. ताईंवर सत्कृत्य बाळगल्याचा संशय नोंदवण्यात आला आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत चादरी स्थगित झाल्या. गठ्ठाही समितीने ताब्यात घेतला. आजारी लोक मळक्या चादरींवर पण निर्मळ शिकवणीखाली झोपू लागले.

ही बातमी पसरली तशी मंडळी सावध झाली. चर्च झाडणाऱ्या बायकांनी झाडू खाली ठेवला. उगाच कुणी पाहिलं तर? पुढचं बाक एका पायाने लंगडं झालं, पण सुताराने हात लावला नाही. म्हणाला, “खिळा मारला आणि मनाला बरं वाटलं तर? कोण निस्तरणार?” गायकवृंदाची तर पंचाईत झाली. सुरात गायलं की मेहनत दिसते. प्रमुख गायिकेने युक्ती काढली आणि सगळ्यांना मुद्दाम बेसूर गायला लावलं. मात्र बेसूर गाण्यासाठी त्यांना आठवडाभर तालीम करावी लागली, हे समितीपासून लपवून ठेवण्यात आलं.

या सगळ्यात फक्त एक माणूस निष्कलंक निघाला. डुलकीमामा. त्याने कधीच काही केलं नव्हतं. मापसाहेबांनी त्याला हलवून जागं केलं आणि सन्मानाने पहिल्या बाकावर बसवलं. लंगड्या बाकावरून मामा पडला, पण उठण्याचा प्रयत्न त्याने केला नाही. सगळी मंडळी त्याच्याकडे पाहून शिकू लागली. ‘काहीही न करण्याचा वर्ग’ सुरू झाला. त्याला गृहपाठ असे. गृहपाठ करणारे नापास होत, आणि न करणाऱ्यांना बेशिस्तीबद्दल बाहेर उभं करत.

आता खरी गोष्ट सांगतो. ताईंचे वडील, कात्रीबाबा, अंथरुणाला खिळले होते. बाबांचं कोपऱ्यावर सलून होतं. हात गोड, तोंड कडू. जन्मभर प्यायले, भांडले, बायकोला रडवलं. एकदा दाढी करून घेता घेता पाळकसाहेबांनी प्रभूचं नाव काढलं, तेव्हा बाबांनी त्यांना अर्ध्या दाढीवर दुकानाबाहेर काढलं होतं. त्या रविवारचं प्रवचन पाळकसाहेबांनी एकाच बाजूने केलं.

असा हा माणूस एक दिवस लेकीला म्हणाला, “पोरी, मला बाप्तिस्मा हवाय.”

ताईंच्या हातातली इस्त्री शर्टावरच राहिली. शर्ट जळला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. डॉक्टर आदल्याच दिवशी सांगून गेले होते की बाबांचे आता थोडेच दिवस उरलेत. त्या धावत चर्चमध्ये गेल्या आणि पाळकसाहेबांना गाठलं. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि पडेल आवाजात म्हणाले, “ताई, आता आधी तपासणी लागते.”

समिती लाँड्रीच्या मागच्या खोलीत गेली. खोलीभर दोऱ्यांवर कपडे वाळत होते. मापसाहेबांचं तोंड दोन ओल्या पँटींमधून बाहेर आलं आणि चौकशीला सुरुवात झाली.

“बाबा, तारणासाठी तुमच्याजवळ स्वतःचं काय आहे?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“एक कंगवा होता. तोही नातीने पळवला.”

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकं साफ उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. मापसाहेब मात्र अस्वस्थ झाले. सबंध नोकरीत त्यांना कधी खरा तराजू सापडला नव्हता. आताच कसा सापडेल?

“आपल्याजवळ काही नाही, याचा तुम्हाला अभिमान वाटतो का?”

“वाटायला हवा का?”

“अजिबात नको!”

“मग नाही वाटत.”

“हे फार पटकन मान्य केलंत. हा प्रयत्न झाला.”

“बरं, सावकाश मान्य करतो. मला कुठे जायचंय? म्हणजे जायचंच आहे, पण तुमचं होऊ दे.”

“बाप्तिस्मा का हवा?”

बाबा छताकडे बघत म्हणाले, “भीती वाटते, साहेब. सगळं वाया घालवलं. हिच्या आईची माफी मागायची राहिली, ती गेली. पोरगी म्हणते, तो असल्यांनाच जवळ घेतो. मग म्हटलं, असले तर आपणच.”

ताई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. समितीच्या चिटणीसाने लिहिलं: ‘पश्चात्ताप आढळला. स्वतः केलेला.’

निकाल जागेवरच देण्यात आला. उमेदवाराला तारणाची इच्छा आहे. इच्छा हा मानवी प्रयत्न होय. सबब इच्छा पूर्णपणे गेल्यावर उमेदवाराने पुन्हा यावे.

“इच्छा गेली की मीच गेलो की हो!” बाबा म्हणाले.

“तेव्हा तुमची बाजू सर्वांत भक्कम असेल,” मापसाहेब म्हणाले आणि पँटींच्या आड गेले.

त्याच आठवड्यात तेलवाला परत आला. या वेळी तेल नव्हतं. त्याच्याकडे एक पुस्तिका होती: समितीच्या सर्व संभाव्य प्रश्नांची आदर्श उत्तरं, शेवटी सराव परीक्षा. दारातल्या टेबलापाशी तो डोळे मिटून उभा राहिला.

“तुमच्याजवळ स्वतःचं काय आहे?”

“शून्य.”

“त्याचा अभिमान?”

“शून्याचाही शून्य.”

“इच्छा?”

“आपण म्हणाल ती.”

मापसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. पहारा देणाऱ्यांनी स्वतः दार उघडून लांडग्याला आत घेतलं, वर त्याला खुर्ची दिली. तेलवाला समितीचा प्रशिक्षण प्रमुख झाला. पुस्तिका मंडळीत हातोहात खपली. समितीच्या सदस्यांनी तर दोन दोन घेतल्या. आधी तो सांगत होता, कृपा अधिक तेल. आता समिती सांगत होती, कृपा अधिक समिती. बाटली बदलली, बूच तेच.

रविवार उजाडला. उपासना सुरू होती, गायकवृंद तयारीनिशी बेसूर गात होता. तेवढ्यात ताई आत शिरल्या. दारात त्यांना अडवायला चिटणीस उठला, पण ताईंच्या हातात गरम इस्त्री होती. घाईत ठेवायची राहिली होती. चिटणीस पुन्हा बसला.

“पाळकसाहेब,” ताई भर मंडळीत म्हणाल्या, “बाबांचा श्वास लागलाय. येताय की नाही?”

“ताई, समितीचा निकाल...”

“निकाल गेला खड्ड्यात! तुम्हीच म्हणालात ना, कृपा अधिक काहीही म्हणजे कृपा नाही? मग दारात टेबल टाकून हे अधिक कोण बसलंय?”

आपलंच वाक्य इतक्या जोरात आपल्या तोंडावर येऊन आदळेल, असं पाळकसाहेबांना वाटलं नव्हतं. ते झग्यासकट व्यासपीठावरून उतरले आणि गल्लीतून पळत सुटले. त्यांच्यामागे ताई, ताईंच्या मागे समिती, समितीच्या मागे मंडळी. चर्चमध्ये उरले फक्त डुलकीमामा, आदर्श अवस्थेत, आणि पुस्तिका मोजत असलेला तेलवाला.

बाप्तिस्म्याला पाणी लागतं, आणि लाँड्रीत नळाला पाणी नव्हतं. पांढऱ्या कपड्यांसाठी नीळ घातलेला टब तेवढा भरलेला. पाळकसाहेबांनी तोच स्टुलावर ठेवून बाबांच्या उशाशी ओढला.

“साहेब, त्यात नीळ आहे हो,” बाबा धापा टाकत म्हणाले.

“असू दे. अर्धी दाढी अजून विसरलो नाही मी.”

“थांबा!” मापसाहेब कपड्यांतून वाट काढत आले आणि त्यांनी टबाचा काठ घट्ट धरला. “प्रक्रिया पूर्ण झालेली नाही! या माणसाने विश्वास ठेवण्यासाठी नेमकं काय केलं, हे आधी ठरू द्या!”

बाबांनी मान वळवली. “साहेब, तुम्ही इतकी वर्षं माझ्या खुर्चीत बसायचात. मी दुकान उघडायच्या आधीच दोन घोट मारलेले असायचे, हे सगळ्या गावाला माहीत. तरी मान मागे टाकायचात, डोळे मिटायचात. मी गळ्यावर वस्तरा फिरवायचो आणि तुम्ही घोरायचात. तेव्हा तुम्ही काय करायचात?”

“मी? मी काय करणार? नुसता बसायचो.”

“तेच करतोय. मान टाकलीय. तो वरचा वस्तरा धरणारा निदान प्यायलेला तरी नाही.”

खोलीत कुणी हसलं, कुणी नाक ओढलं. मापसाहेबांनी एका हाताने खिशातली पुस्तिका उघडली. पुस्तिकेत हा प्रश्न नव्हता. तेवढ्यात ताई म्हणाल्या, “साहेब, अंगठा काढा. पाणी सांडतंय.”

मापसाहेबांनी खाली पाहिलं. टबाच्या काठावर त्यांचा अंगठा रुतला होता. टब त्यांच्या बाजूला कलला होता आणि पाणी त्यांच्याच बुटांवर गळत होतं. जन्मभर दुसऱ्यांचे अंगठे पकडलेला तो माणूस स्वतःच्या अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने तो काढला.

कात्रीबाबांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे पांढरे केस आणि भुवया फिकट निळ्या झाल्या, त्या तशाच राहिल्या. डॉक्टरांचा अंदाज मात्र साफ चुकला. बाबा रोज सकाळी लाँड्रीच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात, निळ्या भुवया उडवत येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करतात. बरं वाटल्यावर पहिल्यांदा त्यांनी पाळकसाहेबांची दाढी केली. बाबांचा हात थरथरत होता. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि मान टाकली. मंडळीने इतका भक्कम विश्वास त्याआधी पाहिला नव्हता.

चादरींचा गठ्ठा मापसाहेबांनी स्वतः परत आणून दिला. हल्ली इस्त्रीआधी कपड्यांवर पाणी ते मारतात. यामागचा हेतू काय, असं कुणी विचारलं तर म्हणतात, “चादर वाळतेय, लवकर बोला.” तेलवाला पुढच्या गावी गेला. तिथे त्याची नवी पुस्तिका जोरात आहे. विषय, समित्यांच्या जाचातून सुटका. आमच्यातल्या कित्येकांनी मागवली आहे.

समिती बरखास्त झालेली नाही. अध्यक्षाची खुर्ची तेवढी रिकामी आहे. पात्रता एकच: ही हकीकत वाचताना ज्याला मनातून गार वाटलं, ‘आपण नाही बुवा त्या मापसाहेबांसारखे, आपल्याला कृपा कशी नीट समजते,’ असा माणूस हवा. अर्ज करू नका. अर्ज हा प्रयत्न झाला. तुम्ही काहीही न करता तुमची निवड झालेली आहे. खुर्चीत बसण्याआधी फक्त हे पान धरलेला तुमचा अंगठा बघा, कुठे दाबून बसलाय ते.