ढगांमागचा हुक

मुलांनो, आता जिथं बसला आहात तिथं जरा मान वर करा. छत दिसतं ना? आता अशी कल्पना करा, की त्या छताच्या हातभर खाली कुणी दुसरं, गुळगुळीत छत लावलं आहे. त्याला फिकट निळा रंग, मधूनमधून पांढरे ढग, कडेनं गोल दिवे. खरं छत त्याच्यामागं दडलेलं आणि खऱ्या छताचा पंखा टांगायचा हुकही दडलेला. अशा खोलीत पंखा लावायचा, तर तो टांगायचा कशाला? ढगाला?

एका बाबाला एके दिवशी नेमकी हीच काळजी पडली होती. हा बाबा विमा कंपनीत होता. कुठं काय पडलं आणि कुणाच्या डोक्यात पडलं, याची चौकशी करणं हे त्याचं रोजचं काम. जगात जे जे टांगलेलं आहे ते ते कधी ना कधी खाली येणार, अशी त्याची खात्री झाली होती. म्हणून तर हे छत लावताना त्यानं कारागिराला बजावलं होतं, की हुक पार झाकून टाक, खूणसुद्धा ठेवू नकोस. हुक दिसला की कुणाला तरी काहीतरी टांगायची बुद्धी होते.

आणि आता पंखा टांगायची वेळ त्याच्यावरच आली होती. संध्याकाळी आजी येणार होती, म्हणजे बाबाची आई. मागच्या खेपेला एसीच्या गारठ्यानं तिचे गुडघे धरले आणि ती दुसऱ्या मुलाकडे निघून गेली. या वेळी फोनवरच तिनं सांगून टाकलं होतं, "पंखा असेल तर राहते. नसेल तर तुमचं तोंड बघून परत जाते." आजी आणि तिची नात एकाच खोलीत झोपायच्या. नातीला घरात सगळे 'चिवट' म्हणत. ती सकाळपासून दाराशी बसून होती आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, "लागेल ना पंखा?"

वायरमन आला, त्यानं वर पाहिलं आणि हुक कुठं आहे ते विचारलं. बाबा म्हणाला, मधोमध. चिवटची आई म्हणाली, छे, कपाटाकडे, कारण जुन्या पंख्याचा सगळा वारा कपाटच खायचं. वायरमननं शिडीवर चढून खिशातून लोहचुंबक काढून छतावर फिरवलं. ते पहिल्याच ढगाला चिकटलं. दुसऱ्याला चिकटलं. तिसऱ्यालाही. खोटं छत लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर बसवलेलं असतं, तेव्हा बिचारं चुंबक तरी काय करणार?

मग वायरमननं युक्ती काढली. एक गोल दिवा काढायचा, त्या भोकातून मोबाइल आत घालायचा आणि आतला व्हिडिओ घ्यायचा. त्याच्या मोबाइलची काच फुटलेली होती, म्हणून बाबानं स्वतःचा दिला. वायरमननं हात कोपरापर्यंत आत घातला. खाली बाबाचा जीव टांगणीला लागला.

"दोन बोटांत धरू नका हो. मुठीत धरा. पडेल."

"साहेब, मी रोज हेच करतो."

"रोज करणाऱ्यांच्याच हातून पडतं. परवाच एकाचा—"

एकाचं काय झालं ते ऐकायला वायरमननं मान वळवली आणि छतात 'टक्' असा आवाज झाला. मोबाइल आत पडून घसरत कुठंतरी लांब गेला होता. पडण्याविषयी इतका अभ्यास केलेल्या माणसाला एवढं मात्र कधी सुचलं नव्हतं, की एखादी वस्तू वर राहूनही पडू शकते.

एवढ्यात एक ढग वाजू लागला. आजीचा फोन. तो वाजून वाजून थांबला आणि लगेच आईचा मोबाइल वाजला. आई खोटं बोलायला कच्ची. तिनं सांगितलं, की बाबाचा फोन छतात आहे आणि तो स्वतः शिडीला धरून उभा आहे. एवढं ऐकल्यावर आजी कशाला थांबते? ती दुपारच्याच गाडीनं निघाली.

आता घाई झाली. आईनं पुन्हा फोन लावला, वायरमननं वाजणाऱ्या ढगाला कान लावला आणि लहान करवतीनं तो ढग कापून काढला. मोबाइल हाती आला. भोकात डोकं घातल्यावर हुकही दिसला, पण चांगला हातभर पलीकडे. म्हणजे दुसरं भोक. तिथं हुक सापडला, तर पंख्याची दांडी आखूड निघाली.

"हिच्यावर लावला तर पाती छताच्या आत फिरतील," वायरमन म्हणाला. "वारा पालींना लागेल."

लांब दांडी आणायला बाबा पळत गेला आणि धापा टाकत आला. पंखा लागला. तो पक्का आहे हे वायरमन दांडीला लोंबकळून दाखवून गेला. पंखा सुरळीत फिरू लागला आणि त्याच वेळी दारात आजी उभी राहिली. तिनं आधी मुलाला नीट पाहिलं, मग कापलेला ढग पाहिला.

"आभाळच फाटलंय की रे," ती म्हणाली. "बरं, पंखा तर लागला. जरा पाठ टेकते."

ती पंख्याखालच्या पलंगाकडे निघाली, तसा बाबा पुढं धावला. त्यानं पलंग ओढून भिंतीला लावला. आजचा दिवस जरा बघू, पंखा नवा आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. आईनं डोक्याला हात लावला. पंखा मोकळ्या फरशीला वारा घालत राहिला. आजी कोपऱ्यात पडल्यापडल्या पदरानं वारा घेत होती. थोड्या वेळानं ती उठून बसली.

"सकाळच्या गाडीत बसवून दे मला. तुझा पंखा फरशीलाच लखलाभ."

बाबा पंख्याकडे पाहायचा, मग आईकडे पाहायचा, आणि पलंगाला हात लावून पुन्हा मागं घ्यायचा.

चिवट दारातून उठली. तिनं पलंगावरची गादी खाली ओढली. जड होती, म्हणून ढकलत ढकलत बरोबर पंख्याखाली आणली. मग तिच्यावर हातपाय पसरून उताणी पडली आणि शेजारची जागा थोपटत म्हणाली, "ये गं आजी. मी लक्ष ठेवते. हलला तर तुला आधी उठवीन."