रोशनीनं नाव काढं

मुलीला होमस्कूलिंगमध्ये दाखल कसं करायचं, हे भूपेंद्रने केळीच्या बांधावर बसून मोबाइलवर शोधलं आणि तो खूश झाला. दाखल करायचंच नसतं. शाळेतून नाव काढायचं, घरी शिकवायचं, पाचवीची परीक्षा पुढे मुक्त विद्यालयातून द्यायची. रसायनशास्त्राच्या पदवीधराला याहून सोपी कृती कोणती?

कारणही पक्कं होतं. गावच्या शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत भरे. रोशनीनं एखादा प्रश्न विचारला की रंजनाबाई मॅडम म्हणत, "उद्या सांगते." मॅडम वाईट नव्हत्या, एकटीच्या वाट्याला पोरं फार होती. भूपेंद्रचं सूत्र सरळ होतं : शिकवणारा एक, शिकणारी एक.

तो शाळेत गेला.

"एकदा विचार करा, भूपेंद्रभाऊ," मॅडम म्हणाल्या.

"विचार झालाय मॅडम. नाव काढून टाका."

"बरं. संध्याकाळी दाखला घरी आणून देते. आजींशीही बोलते."

फाटकाबाहेर येऊन भूपेंद्रने आईला, वत्सलाबाईंना, फोन लावला. "माय, रोशनीनं नाव काढं!"

आता, अहिराणीत 'रोशनीनं' म्हणजे 'रोशनीचं'. पण वत्सलाबाईंचे कान रोजच्या मालिकांमुळे पुणेरी झाले होते. नातीनं नाव काढलं, म्हणजे कीर्ती मिळवली, असं त्यांनी ऐकलं.

"काय सांगस! शाळामातून?"

"व्हय, शाळामातून."

"सगळी शाळामातून?"

"मंग काय, अर्धी शाळामातून काढतस का?"

फोन कट झाला. वत्सलाबाई घाईत होत्या.

सारंगखेड्याहून खत घेऊन भूपेंद्र घरी पोचला, तेव्हा ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या होत्या, माइक लागला होता आणि सरपंच गोपालभाऊ शालीची घडी मोडत होते. "इतली मोठी गोट लपाडी ठेवी तू?" ते रागावले.

मधल्या खुर्चीवर रोशनी हार घालून पेढा खात होती. "पप्पा, मी काय करं?"

"काहीच नही करं."

"मंग हार कशाले?"

तेवढ्यात रंजनाबाई दाखला घेऊन आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत गोपालभाऊंनी त्यांच्या हातात नारळ दिला. "मॅडम, तुमन्या कष्टले फळ उनं!" मॅडमनी नारळाकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं आणि दाखला मुकाट्यानं पर्समध्ये परत ठेवला.

भूपेंद्रने माइक घेतला. गैरसमज वेळीच दूर केला तर पसरत नाही, यावर त्याचा विश्वास होता. "ऐका! रोशनीनी काहीच जिकेल नही. तिनं नाव मी शाळामातून कमी करेल शे. आते ती घरच शिकी, मन्हाजोडे."

वत्सलाबाईंनी पेढ्यांचा डबा हळूच पदराखाली घेतला.

शेजारचा छगन विचार करत उभा राहिला. "म्हंजे, शिकाना आधीच शाल भेटनी. शिकीसन तं ही पोर काय करी!" त्यानं हात जोडले. "भूपेंद्र, मन्हा पोरनं बी नाव काढ भो!"

"मन्हा बी!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि टाळ्या अशा वाजल्या की भूपेंद्रचा खुलासा माइकमध्येच राहिला.

सकाळी त्यानं दार उघडलं, तर ओट्यावर दप्तरं घेतलेली तिसरी आणि चौथी रांगेत बसलेली. दोन पोरं भांडत होती, एक रडत होतं, एकाला पाणी हवं होतं. वत्सलाबाई उरलेले पेढे वाटून हजेरी घेत होत्या.

"सर, बेरीजमा हातचा कशाले लेतस?" छगनच्या पोरानं विचारलं.

"उद्या सांगस," भूपेंद्र म्हणाला आणि एकदम थबकला. "माय, रोशनी कोठे शे?"

ती शाळेत होती. रिकाम्या वर्गात फळ्याखाली मांडी घालून बसलेली, आणि समोर तशाच मांडी घालून रंजनाबाई. दोघींमध्ये पृथ्वीचा गोल होता, आणि मॅडमना कसलीच घाई नव्हती.

भूपेंद्र खिडकीतून दबक्या आवाजात म्हणाला, "रोशनी, चाल घर."

रोशनीनं मान वर केली नाही.

"तुम्ही जा ना पप्पा. तुमना पोरं वाट दखी ऱ्हायनात."