पिदूरकरांचे बाक

पिदूरकर मला पहिल्यांदा भेटले ते आमच्या इमारतीच्या जिन्यात. पाठीवरच्या पिशवीत दहा किलो तांदूळ, पायात घोट्याच्या वर येणारे जाड बूट, हातात काठी. बाहेर ऑगस्टची दुपार होती. कुवेतच्या सालमियात या दिवसांत कबुतरंसुद्धा एसीच्या खाली सावली धरून बसतात.

"लिफ्ट बंद आहे का हो?" मी विचारलं.

त्यांनी आधी धाप आवरली. "लिफ्ट चालू हाय जी. देश सपाट हाय."

एवढं सांगून ते वर गेले. थोड्या वेळानं खाली आले आणि परत वर गेले. या माणसाला ऊन लागलं असावं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. इथं एकट्या राहणाऱ्या माणसाचा कुठला ना कुठला स्क्रू ढिला होतोच, आणि त्याची चौकशी न करण्याची आमच्यात रीत आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर फरवानियाच्या एका क्लिनिकमध्ये लोकांचे गुडघे वाकवते, त्यामुळे संध्याकाळी कुणाच्या गुडघ्याबद्दल ऐकायची माझी तयारी नसते. पण पिदूरकर निघाले माझ्याच मजल्यावरचे. पेशानं सर्व्हेअर, रस्त्यांची आणि पाइपलाइनची मोजणी करणारे. बायको मुलीपाशी नागपूरला. त्यांच्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारच्या जागा: चढ असलेल्या आणि नसलेल्या. कुवेतनं या बाबतीत त्यांचा फार मोठा अपेक्षाभंग केला होता. कुठल्या फ्लायओव्हरला किती चढ आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. शुक्रवारी सकाळी ते एका मॉलच्या पार्किंगचा उतार चढत. तिथल्या गार्डनं एकदा त्यांना धरलं आणि पिशवी उघडायला लावली. आत तांदूळ. चोर तांदूळ घेऊन पार्किंग कशाला चढेल, याचा उलगडा त्या बिचाऱ्याला अजून झालेला नाही.

आमच्या इमारतीचा राखणदार, ज्याला सगळे हारिस म्हणतात, सुरुवातीला "ममनू, ममनू!" म्हणजे मनाई आहे म्हणून ओरडायचा. मग त्याची अशी समजूत झाली की हा माणूस काहीतरी नवस फेडतो आहे. तेव्हापासून तो जिन्याच्या पायथ्याशी त्यांच्यासाठी पाण्याची बाटली ठेवू लागला.

हा सगळा खटाटोप इटलीसाठी होता, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. दर ईदच्या सुट्टीला पिदूरकर इटलीला जात. तीनदा जाऊन आले होते, तिन्ही वेळा त्याच एका वाटेवर. एकदा त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर टीव्हीवर फोटो लावले. समोरचे कुलकर्णी नवराबायको नुकतेच युरोपची टूर करून आले होते, त्यामुळे मोठ्या अधिकारानं पुढं सरकून बसले.

पहिल्या फोटोत बाक होता. लाकडी, एका बाजूला खचलेला. दुसऱ्यात दगडी बाक. तिसऱ्यात परत लाकडी. चौथ्यातही बाकच, फक्त त्यावर शेळी.

"व्हेनिस नाही केलंत?" कुलकर्णीबाईंनी शेवटी विचारलं.

"तिथं पानीच पानी. चढ कुठं हाय?"

"निदान पिसाचा मनोरा तरी?"

"वाकडा मनोरा कायले पाहू जी? मी सर्व्हेअर मानूस. मले झोप नाई लागनार."

मग बाकांच्या मधूनमधून ती वाट दिसू लागली. इटलीतल्या टस्कनी प्रांताच्या दक्षिण भागात डोंगर आहेत, तिथं जुन्या खाणी होत्या. गावातले कामगार चेस्टनटच्या रानातून ज्या वाटेनं पाळीला जायचे, तीच वाट आता चालणाऱ्यांसाठी राखली आहे. खाणी कधीच्या बंद झाल्या, पण कामगारांची घरं आहेत, खाणीत न्यायच्या दिव्यांची खोली आहे, खाणीच्या तोंडाला जाळी लावलेली आहे. आणि जागोजागी पाट्या. पाट्यांवर आले की पिदूरकरांचा आवाज चढायचा.

"इथं दवाखाना होता, पाटी हाय जी. इथं बाया कपडे धुवत, पाटी हाय. आन् इथं काईच नव्हतं, तरी पाटी हाय!"

"पण पडकी घरं बघायला एवढा खर्च?" कुलकर्णीबाई म्हणाल्या. "ती काय आपल्याकडे नाहीत?"

"आपल्याकडं पडकी बी नाई ठेवत जी," पिदूरकर म्हणाले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

कुलकर्णी गेल्यावर मी भांडी उचलायला थांबले. एवढे बाक कशासाठी, असं मी सरळच विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

त्यांचं गाव राजुऱ्याकडे, वर्धा नदीच्या काठी. गावाखाली कोळसा निघाला आणि खुली खाण आली. शाळा, मारुतीचं देऊळ, पाणवठा, सगळं खणून झालं. "जुनी लेव्हल काढली तं आमची चूल आता हवेत येते," ते म्हणाले. सर्व्हेअरच्या तोंडून ते मोजमाप सांगावं तसं सरळ आलं.

त्यांचा थोरला भाऊ नव्या वस्तीत दोन खोल्यांत राहतो. सकाळी दाराशी बसतो आणि समोरच्या मातीच्या ढिगाऱ्याकडे पाहत राहतो. गावाचं नाव काढत नाही, कुणाला दोष देत नाही. पिदूरकरांना त्या दादाला एकदा इटलीतल्या त्या वाटेवरून चालवायचं होतं.

"खान बंद झाली तरी गाव ठेवता येते, एवढं त्याले दाखवायचं हाय. दुसरं काई नाई. त्याचे गुडघे खराब हायत, पन बाक भरपूर हाय जी. बसत बसत होऊन जाईल. थकला तं त्याचं सामान मी घेतो."

म्हणजे तीन वर्षं हा माणूस इटलीत भावासाठी बसायच्या जागा शोधत होता, आणि कुवेतच्या जिन्यात भावाचं ओझं उचलायचा सराव करत होता. आम्ही मात्र त्याला वेडा ठरवून मोकळे झालो होतो. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "काका, व्हिसाच्या मागे लागण्याआधी त्यांना एकदा इकडे आणा. मी गुडघे बघते."

दादा जानेवारीत आले. उंच, काटकुळे, पांढरी टोपी, अंगात कोऱ्या घडीचं जाकीट. त्या दिवशी धूळ उठली होती आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा कळत नव्हतं. विमानतळावरून पिदूरकर त्यांना घरी न नेता थेट माझ्या दारात घेऊन आले. दादांच्या पायात स्वतःसारखेच नवे बूट घातले होते. नाडीसुद्धा स्वतःच बांधली असावी, कारण गाठ सर्व्हेअरची होती.

मी दादांना दिवाणावर बसवलं, बूट उतरवले आणि गुडघा दाबला. "दुखतं?"

"नाई जी."

वाकवला. त्याचा आवाज दारात उभ्या असलेल्या पिदूरकरांनाही ऐकू गेला. दादांनी दिवाणाची चादर मुठीत धरली होती. "दुखतं का आता?"

"नाई बाई. वय हाय आपलं."

परत बूट चढवून मी त्यांना जिन्यावर नेलं. अर्ध्या जिन्यात ते थांबले आणि भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे इतक्या बारकाईनं पाहू लागले, जणू त्याचसाठी चढले होते.

"इथं बाक येतो जी," पिदूरकर खालून मला घाईघाईनं म्हणाले. "खरं तं याच्या आधीच येतो."

पेशंटला गोड बोलून खोटी आशा दाखवणं मला जमत नाही. त्या दिवशी जमलं असतं तर बरं झालं असतं. दोघांना परत घरात बसवून मी सांगितलं की सपाट रस्त्यावर थोडं थोडं चाला, डोंगर मात्र नाही. ऑपरेशनचं पिदूरकरांनी विचारलं. दादांच्या हृदयाचे कागद त्यांनीच मला आधी पाठवले होते. तसं हृदय असताना कुणी गुडघ्याच्या ऑपरेशनची जोखीम घेणार नाही, हेही मला सांगावं लागलं.

पिदूरकर खाली बसून दादांच्या बुटाची नाडी सोडू लागले. एक बूट निघाला, दुसऱ्याची गाठ सुटेना. तिच्याकडेच पाहत ते म्हणाले, "दादा, नोकरी तुयी होती."

मला संदर्भ लागला नाही. दादांनी मला सांगितलं, जसं कुणा तिसऱ्याच्या घरातलं सांगावं तसं. जमीन गेली की घरातल्या एकाला खाणीत नोकरी मिळायची. हक्क थोरल्याचा होता. त्यांनी धाकट्याचं नाव लिहून दिलं. त्या नोकरीत धाकटा मोजणी शिकला, मग इकडे आला. ते स्वतः रोजीनं ट्रक झाडायला लागले.

"मी नाई म्हनायले पाह्यजे होतं," पिदूरकर म्हणाले. "शेत बी गेलं तुयं, नोकरी बी गेली. तुले एक वाट सुदा दाखवनं झालं नाई मायाच्यानं."

दादा चकितच झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "बाई, याच्यानं नांगर धरनं होत नव्हतं. नांगराचं तास वाकडं काढे. याले नोकरी नाई देतो तं काय करतो?"

मलाही हसू आलं. पिदूरकर हसले नाहीत.

ते पाहून दादांचंही हसू गेलं. "इतके वर्ष हेच घेऊन बसला काय बे तू?" ते हळूच म्हणाले. "मले तं वाटे, तू तिकडं मजेत हायेस."

गाठ तशीच ठेवून पिदूरकरांनी भावाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. नेमकं मघाशी वाकवलेल्या गुडघ्यावर, साऱ्या भारानं. मी त्यांना बाजूला करायला पुढं झाले, तर दादांनी दात आवळून मला हातानंच थांबवलं.