टाके ओले आहेत

आमच्या कॉलनीत कुत्रीसुद्धा माहेरपणाला यायची. थट्टा नाही करत. ऑपरेशन झालेली कुत्री सात दिवस कुणाच्या तरी मागच्या ओट्यावर निजलीच पाहिजे, हा सिस्टरांचा कायदा होता. आणि ते कुणाचं घर, हेही त्याच ठरवायच्या. घरवाल्याला फक्त कळवायच्या. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "साळवी, उद्या तुमच्याकडे माहेरवाशीण येतेय. कोपरा झाडून ठेवा." मी 'पण' म्हणेपर्यंत बाई पुढच्या दारात गेलेली असायची.

सिस्टर म्हणजे आमच्या कंपनीच्या दवाखान्यातल्या नर्स. त्यांना आडनाव होतं, पण ते टाइम ऑफिसात बसणाऱ्या मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. पिंपरीत कारखान्यांच्या भिंती उठत होत्या तेव्हापासून त्या इथे. ठेंगणी, सावळी बाई. पांढरं पातळ असं कडक इस्त्रीचं की खाली बसल्या तरी चुरगळायचं नाही. अर्थात बसायच्या कमीच. नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत गेलेला, मूलबाळ नाही, कोकणातलं माहेर भावाभावांच्या भांडणात मोडून पडलेलं. दिवाळीला सगळी कॉलनी गावी जायची, तेव्हा सिस्टरांच्या खोलीत दिवा दिसायचा.

'टाके ओले आहेत' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या समोरच्या घरात नवराबायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं असताना त्या सरळ आत शिरल्या आणि म्हणाल्या, "आवाज खाली. शेजारी टाके ओले आहेत." भांडण तिथेच थांबलं. एकदा लग्नाची वरात आमच्या गल्लीतून निघाली, तर ह्यांनी बँडवाल्यासमोर हात आडवा केला. सबंध वरात चौकापर्यंत मुकाट्याने चालत गेली, घोड्यावरच्या नवऱ्या मुलासकट. वधूपक्षाला वाटलं, कुणीतरी गेलं असावं. त्यांनी डोक्यावरचे फेटेसुद्धा काढले.

आता हे कुत्र्यांचं खूळ आलं कुठून, ते सांगतो. एके सकाळी मुलं शाळेला निघाली आणि रस्त्याच्या कडेने कुत्री मरून पडलेली. तोंडाला फेस, पाय ताठ. रात्रीत नगरपालिकेचे लोक विष घालून गेले होते. माझी धाकटी दोन दिवस जेवली नाही. मग कॉलनीची बैठक झाली, भरपूर आरडाओरडा झाला, आणि पुण्याहून येणारे एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "पिल्लंच वाढली नाहीत तर विषाची वेळ येणार नाही. मी फुकट ऑपरेशनं करतो. हाताखाली माणसं द्या." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सिस्टर उभ्या राहिल्या, आणि उभ्या राहता राहता त्यांनी माझी कॉलर धरून मलाही उभं केलं.

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी वीजही नसायची, म्हणून रेशनच्या बंद शेडमध्ये खिडकीखाली टेबल लावलं. माझं काम कुत्रीचं डोकं धरायचं. पहिल्या गुरुवारी मला घेरी आली. शुद्धीवर आलो तर गोणपाटावर कुत्रीशेजारी निजवलेला, आणि सिस्टर दोघांची नाडी आळीपाळीने बघताहेत. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "पडून राहा हो. ती बघा कशी शहाण्यासारखी पडलीय."

डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, दोन दिवस ठेवली तरी पुरे. जनावर आहे, भरून येतं." पण ह्या बाबतीत सिस्टर डॉक्टरांचंही ऐकत नसत. सात म्हणजे सात. सातव्या दिवसाआधी एकही कुत्री त्यांनी हलू दिली नव्हती. का, ते कुणी विचारलं नाही. विक्षिप्त माणसाला 'का' विचारायचं नसतं, असं आपण धरून चालतो. मीही चाललो.

त्या उन्हाळ्यात तळवड्याकडचे कोंडीबा आपली कुत्री हरणी घेऊन आले. जुन्या गावातले शेतकरी, सत्तरीच्या पुढचे, डोळ्यांना कमी दिसायचं. हरणी वर्षातून दोनदा विणार, पिल्लं शेजाऱ्यांच्या कोंबड्यांमागे लागणार, मग भांडणं. बिचारे बैलगाडीतून घेऊन आले आणि संध्याकाळी परत न्यायला दोरी काढली. सिस्टरांनी ती दोरी त्यांच्याच हातात गुंडाळून दिली आणि हरणीला आमच्याकडे पाठवलं. आमच्या हिने मऊ भात टाकला. हरणीने खाल्ला आणि माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपली.

रविवारी मी कामावरून आलो तर ओट्यावर कोंडीबा.

"सायेब, माझी कुत्री द्या."

"चारच दिवस राहिले, कोंडीबा."

"चार दिस न्हाई जमायचं. रानात कांदा काढून टाकलाय उघड्यावर. पल्याडच्या रानातनं परवा चार गोणी उचलल्या. मला दिसत न्हाई, पोरगा कंपनीत पाळीला. राखणीला हीच एक हाय." त्यांनी हरणीच्या गळ्यात दोरी अडकवलीसुद्धा.

खरं सांगतो, मला त्यांचं पटलं. वर्षाचा माल होता त्यांचा. मी बाजूला झालो. तेवढ्यात धाकटीने धावत जाऊन सिस्टरांना आणलं. दवाखान्यातून तशाच आल्या, हातात कापसाचा बोळा. आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"टाके ओले आहेत."

"बाई, जनावर माझं हाय."

"असू दे. टाके माझे आहेत."

"आवो पन चालतीया की ती! शेपूट हलवतीया!"

"तीही चालत होती," सिस्टर म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, आधीच्या एखाद्या कुत्रीबद्दल बोलताहेत. पण त्यांचा आवाज काही नेहमीचा नव्हता. हळूच ओट्याच्या कडेला बसल्या. बसल्या, हे सांगतोय मी!

"आणीबाणीत बायकांची नसबंदीची शिबिरं होती ना, तेव्हाची गोष्ट. वरून आकडा यायचा, तो भरायचा. दवाखान्यामागे गटाराचं खोदकाम चाललं होतं, तिथल्या एका मजुरणीला मीच समजावून नेली. लहानखुरी होती. माझा हात धरून आली. ऑपरेशन छान झालं. मी तिचं नाव लिहिलं आणि पुढचीला हाक मारली. तिसऱ्या दिवशी मुकादमाने तिला घमेलं उचलायला उभी केली. तिनेही नाही म्हटलं नाही. चालत होती ना! टाके उसवले, आत पू झाला. मला कळलं तोवर सगळं आटपलं होतं." त्यांनी बोळा मुठीत दाबून धरला. "मी सगळं विचारलं होतं हो तिला. मुलं किती, ताप आहे का, काय खाल्लंस. फक्त एवढं विचारलं नाही, की बाई गं, सात दिवस निजायला तुला जागा आहे का."

आमची ही डोळ्याला पदर लावून आत गेली. मी कुठे बघावं ते न कळून हरणीकडे बघत बसलो. इतकी वर्षं ह्या बाईच्या नकला करून मी कॅन्टीन हसवलं होतं. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

कोंडीबांनी दोरी सोडली. पण जागचे हलले नाहीत. "समदं खरं हाय, बाई. पन कांद्याचं काय करू?"

सिस्टर उठल्या, पातळ झटकलं. "राखण मी करते. चार रात्री. मला रात्रपाळीची सवय आहे."

आम्ही हसलो नाही, कारण त्या थट्टा करत नव्हत्या. त्याच संध्याकाळी बॅटरी, घोंगडी आणि शाळेच्या पी. टी. मास्तरांची शिट्टी घेऊन बाई कोंडीबांच्या गाडीत बसून गेल्या. रोज सकाळी पहिल्या बसने परत, आंघोळ करून दवाखान्यात हजर. डोळे लाल. मी विचारलं, "झेपतंय का?" तर म्हणाल्या, "न झेपायला काय झालं? डोळ्याला डोळा लागू देत नाही मी."

गुरुवारी सात दिवस पुरे झाले. टाके कोरडे, हरणी टुणटुणीत. शेडमधली ऑपरेशनं नऊला सुरू व्हायची आणि पहिली बस येऊन गेली तरी सिस्टर नव्हत्या. म्हणून मी हरणीला सायकलच्या मागे पेटीत बसवून तळवड्याला निघालो.

रानात कांद्याची रास जशीच्या तशी. तिच्या पलीकडे बाभळीखाली बाज, आणि बाजेवर सिस्टर. गाढ झोपलेल्या. तोंड थोडं उघडं, शिट्टी हातातून सुटून खाली पडलेली. कोंडीबांची सून उशाशी बसून पदराने माश्या वारत होती. कोंडीबा काठी घेऊन राशीशी उकिडवे बसलेले, डोळे खोबणीत गेलेले. हरणी उडी मारून त्यांच्या अंगावर गेली. त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"गप गं. निजल्यात त्या."

"आजच झोप लागली वाटतं?"

"आजच कशाची? चारी राती ह्योच खेळ," कोंडीबा कुजबुजले. "घटकाभर शिट्टी वाजिवत्यात, मग लवंडत्यात. सून वाकळ घालती."

"मग राखण कुणी केली?"

"म्या. बाईमानसाला रानात एकलं टाकून मला झोप लागंल व्हय?" मग माझं मनगट धरून म्हणाले, "त्यास्नी सांगू नका, सायेब. रोज पहाटं उठल्या की इचारत्यात, कांदा हाय का समदा? म्या म्हनतो, हाय की, तुमी हुता म्हनून."

उजेडात सिस्टरांचा झोपलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. किती थकलेली बाई होती ती! आम्हाला कुणालाच कधी दिसलं नव्हतं. सून हळूच म्हणाली, "उठवू का? कुत्र्यांच्या दवाखान्याचा वार हाय न्हवं त्यांचा?"

"नको," मी म्हटलं, आणि सायकल हातात धरूनच बांधापर्यंत नेली, चेन वाजू नये म्हणून.

शेडसमोर लोक आपापली कुत्री घेऊन बसले होते. डॉक्टर हात धुऊन तयार. मला एकट्याला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सिस्टर कुठायत? आजारीबिजारी आहेत की काय?"

"नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "झोपल्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग टॉवेलने हात पुसले, खुर्ची ओढली आणि बसले.

"मग थांबू या," ते म्हणाले.